किनारा रिकामा नसतो

पावसाळा सरून समुद्र निवळला की कोकणातल्या लहान किनारी गावांविषयीचा एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. त्याचे निमित्तही जवळजवळ ठरलेले असते. दोन डोंगरांच्या मधल्या एखाद्या पुळणीचे चित्रीकरण कोणीतरी समाजमाध्यमांवर टाकतो, पुढच्या सुट्टीत गावच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, एखादा उत्साही गाडी थेट वाळूत घालतो, भरतीच्या पाण्यात ती रुतते आणि तिला दोरखंड लावून ओढणाऱ्या गावकऱ्यांचेही चित्रीकरण होते. मग दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की कोकणाला निसर्गाने एवढे दिले आहे, त्याचे सोने करा, रस्ते रुंद करा, हॉटेले येऊ द्या, शेजारच्या गोव्याने केले ते आपण कधी करणार? दुसरा पक्ष म्हणतो की अशा गावांची नावेच कोणाला सांगू नका, त्यांना आहे तसे अस्पर्शित राहू द्या. पहिला पक्ष दुसऱ्याला विकासविरोधी ठरवतो, दुसरा पहिल्याला दलाल म्हणतो, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत प्रकरण थंडावते.

माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. दोघांनाही किनारा रिकामा दिसतो. एकाला तो भरून काढायचा आहे, दुसऱ्याला तो तसाच रिकामा ठेवायचा आहे. प्रत्यक्षात कोकणातली अशी एकही पुळण रिकामी नाही. ती शेकडो वर्षे वापरात असलेली कामाची जागा आहे आणि ती कोणी, केव्हा, कशी वापरावी याचे नियम तिथे पूर्वीपासून आहेत. पर्यटकांनी या गावांत जरूर यावे. मात्र किती यावे, कोठे थांबावे आणि कोणत्या काळात येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा असावा, आणि तो अधिकार वापरता येईल इतपत कायद्याचे पाठबळ व जमिनीचे निर्वेध कागद गावकऱ्यांच्या हातात असावेत. ही भूमिका ऐकायला सोपी वाटते, पण तिच्याविरुद्धचे आक्षेप भक्कम आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याखेरीज ती मांडण्यात अर्थ नाही.

आधी ही पुळण म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. वेंगुर्ले तालुक्यातील निवती, भोगवे, खवणे ही गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिची घडण माहीत असते: दोन्ही बाजूंना समुद्रात घुसलेली खडकाची टोके, त्यांच्या मध्ये वाळूची चंद्रकोर, मागे माड आणि माडांच्या मागे वस्ती. टोकांमुळे लाटांचा जोर मोडतो, म्हणून पाणी शांत असते. खडक नसलेली सपाट वाळू असते, म्हणून पाय ठेवायला भीती वाटत नाही. पर्यटकाला ही जागा आवडते ती या दोन कारणांसाठी. आता मच्छीमाराकडे वळू. होडी सुखरूप किनाऱ्याला लावायची तर शांत पाणी हवे, ती वर ओढून ठेवायची तर सपाट वाळू हवी, जाळे खडकात अडकून फाटू नये म्हणून तळही वाळूचा हवा. ज्या गुणांसाठी पाहुण्याला ही जागा हवी असते, नेमक्या त्याच गुणांसाठी ती मच्छीमाराने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेली आहे. लांबलचक उघड्या किनाऱ्यावर दोघांनाही जागा पुरते. आडोशाच्या लहान पुळणीवर पुरत नाही. या वादाचे मूळ वृत्तीत कमी आणि भूगोलात जास्त आहे, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या बोलण्यात क्वचितच येते.

या जागेवरचे सर्वांत मोठे सामूहिक काम म्हणजे रापण. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत न्यायचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या माणसांनी ते तासन्‌तास ओढत आणायचे. पेडवे, बांगडे, तारली असा जो काही म्हावरा लागेल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. एका पुळणीवर एकाहून अधिक रापणी असतील तर पाळी ठरते. ही व्यवस्था आदर्श होती असा माझा दावा नाही. वाट्यावरून भांडणे होत आणि ती कधी कधी पिढ्यांपर्यंत चालत. पण एक मर्यादित जागा अनेकांनी वापरायची तर पाळी लागते, वाटा लागतो आणि दोन्ही ठरवणारी बैठक लागते, हे ज्ञान त्या किनाऱ्यावर होते. आज त्याच पुळणीवर पाण्यातील खेळांच्या यांत्रिक नौका, खुर्च्या आणि छत्र्या येतात तेव्हा त्यांची पाळी कोण ठरवतो? बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवत नाही. परवाना तालुक्याच्या किंवा त्याहून दूरच्या गावाहून आलेला असतो आणि जाळे ओढण्याची वेळ त्या परवान्यावर लिहिलेली नसते.

आता विकासाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, रापणीचे कौतुक तुम्ही मुंबईत बसून करता. रापणकराचा मुलगा रापण ओढायला तयार नाही आणि त्याने का व्हावे? हा मुद्दा नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. कोकण पिढ्यान्‌पिढ्या मनिऑर्डरवर जगले. घरटी एक माणूस गिरणीत, गोदीत किंवा कोणाच्या तरी घरी राबत असे आणि गावात म्हातारी माणसे, बायका व मुले उरत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधारही गेला. पुढे समुद्रातली मासळी यांत्रिक नौकांनी आणि माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी इतकी ओढली की २०१६ मध्ये राज्य शासनाला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणावे लागले, आणि ते निर्बंध मोडले जातात अशी तक्रार पारंपरिक मच्छीमार आजही करतात. या पार्श्वभूमीवर तारकर्ली-देवबागसारख्या गावांत पर्यटनामुळे तरुण गावात राहिले, माडांच्या सावलीत चार खोल्या बांधून कुटुंबे सावरली, बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला, हे दिसत असताना ‘पर्यटन नको’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर बसून सौंदर्यशास्त्र सांगणे होय. हे सारे मला मान्य आहे.

पण पर्यटनातून पैसा येतो एवढ्यावरून तो गावात राहतो असे सिद्ध होत नाही. कोकणाच्या दारिद्र्याचा इतिहास पाहिला तर इथे पीक नव्हते किंवा माणसे कष्टाळू नव्हती असे दिसत नाही. पिकावर पहिला हात कोणाचा, हा खरा प्रश्न होता. खोती पद्धतीत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा होता आणि जमिनीचे उत्पन्न त्याच्या खळ्यातून पुढे जात असे. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. आज किनाऱ्यावर जे घडू पाहत आहे त्याला मी खोती म्हणणार नाही, कारण तिथे सक्ती होती आणि इथे खरेदीखत आहे. तरी रचनेतले साम्य डोळ्यांआड करता येत नाही. पुळणीमागची जमीन बाहेरच्याच्या नावावर, खोल्यांचे आरक्षण शहरातून, भाजीचा पुरवठा कोल्हापूर-बेळगावहून, आणि ज्याच्या आजोबाने ते माड लावले तो माणूस दारावर रखवालदार. अशा पर्यटनाने गावात नोकऱ्या आल्या असे आकडेवारीत म्हणता येईल. मुंबईच्या गिरणीनेही नोकऱ्याच दिल्या होत्या.

यावर लगेच प्रश्न येतो की मग स्थानिकांनी स्वतः का व्यवसाय उभारू नये, त्यांना कोणी अडवले आहे? त्यांना सातबाऱ्याने अडवले आहे. कोकणातल्या कोणत्याही किनारी गावात जाऊन एखाद्या घरवाडीचा उतारा काढून पाहावा. त्यावर पणजोबांपासूनच्या वारसांची वीस-वीस, तीस-तीस नावे असतात. त्यातले निम्मे मुंबई-पुण्यात, काही परदेशात, काहींचा पत्ताच नाही. अशा सामाईक जमिनीवर बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि न्याहारी-निवासाची नोंदणी करायची म्हटली की एखाद्या दूरच्या चुलतभावाची हरकत येते. याच जमिनीसाठी पैसेवाला बाहेरचा माणूस आला की त्याचा मध्यस्थ एकेक वारस गाठतो, अंधेरीच्या भावाला वेगळा भाव आणि गावातल्या भावाला वेगळा भाव लावून हिस्से गोळा करतो, आणि जे काम गावातल्या माणसाला वीस वर्षांत जमत नाही ते त्याला दोन वर्षांत जमते. स्पर्धा खुली आहे असे म्हणणाऱ्यांनी तिची सुरुवात कोठून होते ते पाहावे. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये घोषित झाला. तेव्हापासून गावोगावी सामाईक खातेफोडीची, म्हणजे वारसांचे हिस्से वेगळे करून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र उतारा करण्याची, मोहीम नेटाने चालवली असती तर पर्यटनाचे चित्र कितीतरी वेगळे दिसले असते. घोषणेला मात्र सातबारा लागत नाही.

दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे गावाचे नाव लपवा म्हणणाऱ्यांकडे, मी थोड्या अधिक सहानुभूतीने पाहतो, कारण त्यांना जे हरवताना दिसते ते खरोखर हरवते आहे. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल गाड्यांच्या चाकांखाली मरते; रात्रीच्या प्रखर दिव्यांमुळे अंडी घालायला येणारी कासवीण मागे फिरते; बाटल्यांच्या काचा वाळूत राहतात आणि अनवाणी रापण ओढणाऱ्याच्या पायात जातात. पण ‘नाव सांगू नका’ या उपायात एक गोम आहे. तो सुचवणारा स्वतः तिथे जाऊन आलेला असतो. आपल्यानंतर दार बंद व्हावे अशी ती इच्छा असते आणि त्यात गावाचा सल्ला कोणी घेतलेला नसतो. शिवाय तो उपाय लागूही पडत नाही. ज्या गावात पर्यटक पोहोचत नाही तिथे जमिनीचा मध्यस्थ सर्वांत आधी पोहोचतो, कारण उत्पन्नाचे दुसरे साधन नसल्यामुळे तिथली जमीन स्वस्त असते. निनावी राहिलेले गाव सुरक्षित राहते हा समज भाबडा आहे. बऱ्याचदा ते गाजावाजा न होता विकले जाते.

याचा उलटा पुरावा मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाने दिला आहे. नाना फडणवीसांचे हे गाव आज ओळखले जाते ते सागरी कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंडी चोरून नेण्याची किंवा खाण्याची रीत असलेल्या किनाऱ्यावर घरटी राखली जाऊ लागली, कारण पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले आणि ते गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. वेळास प्रसिद्ध आहे, वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याच्या बातम्या येतात. म्हणजे नाव सांगण्याने जे बिघडते म्हणतात ते सर्व तिथे बिघडायला हवे होते. तसे झाले नाही, कारण पाहुण्याने कोठे उभे राहायचे, पिल्ले कोणत्या वेळी सोडायची आणि किनाऱ्यावर काय चालणार नाही हे त्यांच्यासाठी आधी ठरलेले होते. वेळास निर्दोष आहे असे नाही. तिथेही सुट्टीच्या दिवशी गर्दी आवरताना दमछाक होते. तरी प्रसिद्धी आणि संरक्षण एकत्र नांदू शकतात एवढे सिद्ध करायला ते उदाहरण पुरेसे आहे.

माझ्या भूमिकेवरचा खरा कठीण आक्षेप मात्र या दोन्ही पक्षांकडून येत नाही, तो तिसरीकडून येतो. समुद्रकिनारा सर्वांचा आहे. तिथे कोणी यावे हे ठरवणारे गाव कोण? या प्रश्नाच्या पाठीशी मोठा इतिहास उभा आहे. चवदार तळेही ‘गावाचे’ होते, आणि गावाने ते कोणासाठी बंद ठेवले होते हे २० मार्च १९२७ ला महाडमध्ये सगळ्या देशाने पाहिले. त्याच कोकणात गावकीच्या बैठकांनी कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार अगदी अलीकडेपर्यंत इतके घडत राहिले की २०१६ मध्ये विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. म्हणून ‘गाव ठरवेल’ हे वाक्य ज्याला उच्चारायचे आहे त्याने ते फार सावधपणे उच्चारले पाहिजे. ज्या गावात ठरावीक घराण्यांचाच शब्द चालतो तिथे उद्या कपड्यांवर, जोडप्यांवर, अन्नावर आणि जातीवर बंदी यायला वेळ लागणार नाही. हा धोका काल्पनिक नाही.

परंतु या आक्षेपातूनच त्याचे उत्तर निघते. महाडचा लढा पाणी कोण पिऊ शकतो यावर होता. तळ्यात जनावरे धुवू नयेत किंवा कचरा टाकू नये असा नियम कोणी केला असता तर तो सर्वांना सारखा लागू झाला असता आणि त्याविरुद्ध सत्याग्रह करण्याचे कारण पडले नसते. माणसावर घातलेले बंधन आणि कृतीवर घातलेले बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुळणीवर चालत येण्याचा, समुद्रात पाय बुडवण्याचा, वाळूत बसण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे आणि तो कोणत्याही ग्रामसभेला काढून घेता येऊ नये. गाडी वाळूत घालण्याचा, रापणीच्या आड नौका फिरवण्याचा, रात्री मोठ्या आवाजात गाणी लावण्याचा, आणि विहिरीला झेपणार नाहीत इतक्या खोल्या बांधण्याचा हक्क कोणाचाही नाही. बाहेरच्याचा नाही तसा गावातल्या माणसाचाही नाही. हे ठरवणारी सभाही गावकीची नको, कायद्याने स्थापन झालेली ग्रामसभा हवी, जिच्यात बायका बसतात, जिचे इतिवृत्त लिहिले जाते आणि जिच्या ठरावाविरुद्ध दाद मागता येते. किनारा सर्वांचा आहे या तत्त्वाचा सर्वांत जास्त भंग कोण करते, हेही एकदा तपासावे. मी तरी पाहिले आहे की पुळणीकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदीवर कुंपण घालणारा बहुधा मासे मारणारा नसतो.

गावाने आपली दारे काही काळ लावून घ्यावीत ही कल्पना कोकणाला परकी तर मुळीच नाही. मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. देवाचा कौल झाला की सारे गाव, गुराढोरांसकट, वेशीबाहेर जाऊन राहते आणि तीन दिवस घरे ओस ठेवते. त्यामागची श्रद्धा कोणाला पटो वा न पटो, एवढ्या मोठ्या वस्तीने एकमताने एक निर्णय घेऊन तो पाळणे हे सामूहिक शिस्तीचे असे उदाहरण आहे की ते पाहून कोणत्याही नियोजनकाराला हेवा वाटावा. समुद्राच्या बाबतीतही असाच संयम रूढ होता. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटायची नाही हा संकेत जुना आहे, आणि शासनाने १ जून ते ३१ जुलै असा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ ठरवला तो त्याच शहाणपणाला धरून. ज्या मच्छीमाराला वर्षातले दोन महिने स्वतःचे उत्पन्न बंद ठेवणे मान्य आहे, त्याच्या गावात पाहुण्यांनाही काही काळ ‘आता नको’ असे सांगितले तर त्यात अन्याय कोणता? जून ते सप्टेंबर या महिन्यांत एरवी शांत दिसणारी पुळणही फसवी होते; पाण्याची आतली ओढ वाढते आणि गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणच्या बुडण्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आपण वाचत आलो आहोत. तरीही पावसाळी पर्यटनाच्या जाहिराती थांबत नाहीत.

संख्येवर मर्यादा कशाच्या आधारे घालायची, असा व्यावहारिक प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर वाळूत शोधण्याआधी विहिरीत शोधावे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन उभ्या असतात, हे जुनेच दुखणे आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या गावात ते अधिक नाजूक होते. तिथे गोडे पाणी वाळूच्या थरात, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा मर्यादेत असेल तर विहीर गोड राहते. पंप लावून वाटेल तेवढे पाणी ओढले की खाली दबलेले खारे पाणी वर चढते, विहीर मचूळ होते आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोड व्हायला पावसाळे जातात. पर्यटकांची गर्दी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरी तळ गाठतात तेव्हाच होते. शोषखड्ड्यातले मैलापाणीही याच वाळूतून झिरपते आणि शेजारच्या विहिरीत पोहोचते. म्हणून खोल्या किती बांधाव्यात याचा आकडा पर्यटन विभागाच्या आराखड्यातून येऊ नये, मे महिन्यातल्या विहिरीच्या पातळीतून यावा. देवबागसारख्या एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर, जिथे किनाऱ्याची धूप रोखायला दगडी बंधारे घालावे लागतात, तिथे हा हिशेब टाळून चालणारच नाही.

गोव्याचे उदाहरण देणाऱ्यांना गोव्याचा अर्धाच इतिहास आठवतो. किनाऱ्यावरचे तात्पुरते उपाहारगृह चालवण्याचे परवाने स्थानिकांना देण्याचे गोव्याचे धोरण निश्चितच अनुकरणीय आहे आणि त्यावर हजारो गोवेकर कुटुंबे जगतात. या बाबतीत महाराष्ट्र कितीतरी मागे आहे. पण गोव्याचा किनारा शांतपणे पर्यटनाच्या स्वाधीन झाला नाही. १९७० च्या दशकात तिथल्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्यातून पुढे आले, आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची मागणी त्यांनी कायद्यापर्यंत नेली. गोव्यात आज जे काही शाबूत आहे त्यातले बरेचसे अशा झगडणाऱ्यांमुळे शाबूत आहे. तेव्हा ‘गोव्यासारखे करा’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या गोव्यासारखे, ते सांगावे. कळंगुट-बागा पट्ट्यातली काँक्रीटची सलग भिंत तर स्वतः गोवेकरांनाही मिरवावीशी वाटत नाही.

आणि गावालाच मोठे हॉटेल हवे असेल तर? माझ्या भूमिकेची कसोटी इथे लागते, आणि उत्तर टाळण्यात अर्थ नाही. मला ते आवडणार नाही, पण माझ्या आवडीला तिथे स्थान असू नये. ग्रामसभेने डोळे उघडे ठेवून ठरवले तर तो तिचा अधिकार आहे. माझी अट एकच: जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. विक्रीने पुढच्या पिढीचा निर्णयही आजच घेतला जातो; भाडेपट्टा संपतो, आणि तो संपताना आजची शाळकरी मुलगी ग्रामसभेत बसलेली असेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे सांगितले आहे ते इथे आठवते. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा तो आदेश होता. आरमार ही त्या काळच्या राज्याची जीवनमरणाची गरज होती, तरी तिच्यापुढेही धन्याची राजीखुशी महत्त्वाची मानली गेली. शिरोड्याच्या वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी झालेल्या भूसंपादनाचा वाद दशकानुदशके चिघळत राहिला, तो ही राजीखुशी आधी मिळवली नाही म्हणून. पर्यटन काही आरमारापेक्षा निकडीचे नाही.

या सगळ्याला लागणारे कायदे नव्याने करावे लागतील असे समजण्याचे कारण नाही. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नयेत असे कळवले. त्यातूनच पुढे १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. २०११ आणि २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर विकासबंदीचा पट्टा २०० वरून ५० मीटरपर्यंत आणण्याची वाट मोकळी झाली. ही सवलत मला चुकीची वाटते. पण त्याच २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना, मच्छीमारांसह, आपल्या राहत्या घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा दाखवल्या पाहिजेत, अशीही तरतूद आहे. यात्रेकरूंवर कर बसवण्याची सोय ग्रामपंचायत अधिनियमात जुनीच आहे. तो पैसा कचरा उचलायला आणि किनाऱ्यावर जीवरक्षक ठेवायला वापरता येईल. हत्यारे आहेत, ती वापरली जात नाहीत, कारण जनसुनावणीला आणलेला नकाशा इंग्रजीत आणि अशा प्रमाणात असतो की त्यात आपली रापणीची जागा कोणती हे पंचायत सदस्यालाही सापडत नाही.

त्यासाठी फार वेळही उरलेला नाही. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग मुख्यमंत्री ए. आर. अंतुल्यांच्या काळापासून चर्चेत आहे आणि आता खाड्यांवरच्या पुलांसह तो प्रत्यक्षात येऊ लागला आहे. दाभोळहून धोपाव्याला गाडीसह फेरीबोटीने ओलांडावी लागणारी खाडी, बाणकोटची खाडी, जयगडची खाडी, या अडथळ्यांनीच आजवर पलीकडच्या गावांतली गर्दी आपोआप आवरली होती. ते काम यापुढे भूगोल करणार नाही, ते कोणाला तरी ठरावाने करावे लागेल. पूल उघडण्याआधी त्या त्या गावाच्या ग्रामसभेने आपल्या पुळणीवर चालत जाऊन होड्या ओढण्याची जागा, रापणीची जागा, मासळीची खळी, कासवांची घरटी होणारा पट्टा आणि गाड्या थांबवण्याची गावाबाहेरची जागा मराठी नकाशावर आखून घ्यावी, मे महिन्यात विहिरी मोजाव्यात, आणि तो नकाशा ठरावासह तहसीलदाराकडे व किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नोंदवून त्याची पोच घ्यावी. महसूल खात्याने त्याच सुमारास किनारपट्टीच्या गावांत सामाईक खातेफोडीची शिबिरे लावावीत, आणि ती गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत लावावीत, म्हणजे मुंबईचे वारसही सहीला गावातच सापडतील.